खुंटीवरचा दिवा

"त्या पेटीवरचं कापड काढू नको," हवालदार भोईटे म्हणाले, तोवर मी ते काढून त्याची घडीही घातली होती.

कापडाखाली माझ्या दादाचा अर्धवट राहिलेला अँप्लिफायर होता. पत्र्याची पेटी, तिच्यावर दोन जड ट्रान्सफॉर्मर, काचेच्या चार व्हॉल्व्हसाठी चार रिकाम्या बैठका आणि मागच्या बाजूला उभे दोन मोठे कंडेन्सर. दीड वर्षाची धूळ कापडाखालीही शिरली होती. ह्याच पेटीवर काम करताना दादा गेला.

"मला हा पुरा करायचाय," मी म्हणाले. "तुम्ही शिकवा."

हवालदारांनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "घरी जा, कमल. तुझ्या आईनं एक लेकरू घालवलंय ह्या खोलीत. दुसरं मी घेणार नाही."

"मी रोज येईन. तुम्ही रोज हाकला."

ही सत्त्याहत्तर सालची, फलटणमधली गोष्ट. मी तेव्हा वीस वर्षांची होते. हवालदार सैन्यात सिग्नलमध्ये, म्हणजे बिनतारी संदेशांच्या तुकडीत होते, तिथून निवृत्त होऊन त्यांनी बाजारपेठेत रेडिओचं दुकान टाकलं होतं. मागच्या खोलीत ते कर्ण्यांसाठी व्हॉल्व्हचे अँप्लिफायर बनवायचे. माझा दादा, सुदाम नाळे, चार वर्षं त्यांच्या हाताखाली होता. तो गेल्यापासून त्यांनी व्हॉल्व्हला हात लावला नव्हता. पुढच्या खोलीत बसून नुसते ट्रान्झिस्टर दुरुस्त करायचे.

दादा कसा गेला, हे गावात सगळ्यांना पाठ होतं. सकाळी अकराची वेळ. हवालदार चहाला गेले होते. परत आले तर दादा टेबलाखाली पडलेला. प्लग भिंतीतून काढून टेबलावर ठेवलेला होता, तो दहा जणांनी पाहिला. मग शॉक कसा बसला, असं लोक विचारायचे आणि हवालदार सांगायचे. व्हॉल्व्हला सहाशे व्होल्ट लागतात. कंडेन्सर ते साठवून ठेवतो आणि प्लग काढला तरी सोडत नाही. म्हणून पेटीत हात घालण्याआधी त्याला एक दिवा लावायचा असतो. साठा असला तर दिवा भपकन पेटून विझतो, नसला तर पेटतच नाही. दिवा म्हणजे साधा घरातला बल्ब, होल्डरला दोन वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला लाकडी मुठीची पिन. त्या दिवशी तो दिवा खुंटीला लटकत होता. म्हणजे पोरानं लावलाच नाही, असं मग लोकच म्हणायचे. घाई केली.

धांदरट हा शब्द तेव्हापासून आमच्या घरात मुक्कामाला आला. कोणी वाईट मनानं म्हणायचं नाही. आईची मंडईत भाजीची जागा होती. गिऱ्हाइकं कोथिंबीर निवडता निवडता हळहळायची, "गुणाचं पोर हो, पण जरा धांदरट." आई मान हलवायची. रात्री जेवताना मधेच घास हातात धरून म्हणायची, "येवढा दिवा लावला आसता तर."

तो शब्द ऐकला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. कारण आमच्या घरात धांदरट होते ती मी. दूध उतू घालवणारी मी, उलटं पोलकं घालून शाळेत गेलेली मी. दादा कोपऱ्यापर्यंत जाऊन कुलूप बघायला परत येणारा माणूस होता. तो दिवा लावायचा विसरला, हे मला पटत नव्हतं. आणि पटत नव्हतं म्हणून दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हतं. मग मी ठरवलं की तेच काम, त्याच पेटीवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत आपण करायचं. तो कुठं चुकला असेल ते तिथं पोचल्यावर कळेल. नाही कळलं तर निदान त्याचं काम तरी पुरं होईल.

नऊ दिवस हवालदारांनी मला हाकललं. दहाव्या दिवशी मी दादाची वही घेऊन त्यांच्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं वाचायला लागले. गिऱ्हाइकं हसत होती. वहीच्या चौथ्या पानावर दादानं आपल्या गोल अक्षरात हवालदारांचे पाच नियम लिहून ठेवले होते. मी तिसऱ्या नियमापर्यंत आले तेव्हा आतून आवाज आला.

"बास. आत ये."

तेच पाच नियम मागच्या खोलीच्या भिंतीवर पांढऱ्या रंगानं लिहिलेले होते. प्लग स्वतः काढायचा आणि डोळ्यांसमोर ठेवायचा. पायाखाली कोरडी फळी. अंगावर धातू नको. डावा हात खिशात. आणि दिवा लावल्याशिवाय पेटीत बोट घालायचं नाही. डावा हात खिशात का, तर एकच हात पेटीत असला म्हणजे वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जात नाही. मला खिसाच नव्हता. मी पदर कमरेला आवळून खोचला आणि डावा हात त्यात अडकवला. हवालदारांनी ते पाहिलं आणि पहिल्यांदा जरा हसले.

घरी मी हातातली पितळी बांगडी काढून फळीवर ठेवली, तेव्हा आईला कळलं.

तिनं आरडाओरडा केला नाही. आरडाओरडा केला असता तर मी उलट बोलले असते, मला ते जमतं. ती फक्त म्हणाली, "जा. आता मला कुनी इचारलं, पोरगी कुटं हाय, तर काय सांगू तेवडं सांगून जा."

"दादाचं काम पुरं करायला गेलीय म्हणून सांग."

त्यानंतर आई माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. पहाटे मी तिच्याबरोबर मंडईत माल लावायचे, दहापर्यंत बसायचे आणि मग दुकानात जायचे. मंडईत आईची एक सवय होती, तिच्यापायी शेजारच्या बायका तिची थट्टा करायच्या. माल घालायच्या आधी ती तराजू उचलून गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायची. "रिकामी पारडी बगून घ्या," म्हणायची. काटा मधे आहे हे गिऱ्हाइकानं पाहिलं की मग माल. आणि माल पिशवीत ओतला की पुन्हा एकदा रिकामा तराजू वर. एखादं गिऱ्हाईक वैतागून म्हणायचं, बाई, मला घाई आहे. आई म्हणायची, "तुमाला घाई आसंल, पारड्याला न्हाई." मी सहा वर्षांची असल्यापासून त्या जागेवर बसत होते. माझाही हात आता तसाच चालायचा, न सांगता.

दुकानात पहिला महिनाभर हवालदारांनी मला पेटीजवळ फिरकू दिलं नाही. नुसते डाग द्यायला लावले. कथील वितळून तारेभोवती गुळगुळीत बसलं पाहिजे, गोळा दिसला की ते उपटून टाकायचे आणि म्हणायचे, पुन्हा. मी चिडायचे, बोटं भाजून घ्यायचे, पुन्हा द्यायचे. एकदा दिवसभरात चाळीस डाग दिले आणि त्यांनी चाळीसही उपटले. मी इस्त्री आपटली. डाग द्यायच्या त्या हत्याराला आम्ही इस्त्रीच म्हणायचो. ते शांतपणे म्हणाले, "तुझा दादा पहिल्या दिवशी साठ उपटलेले डाग घेऊन घरी गेला होता." मग मी एकेचाळिसावा द्यायला बसले.

दुसऱ्या महिन्यात पेटी उघडली. दादानं केलेलं काम बघून मला रडू आलं, ते सांगायला लाज कशाला वाटावी. एकेक तार सरळ, एकेक वळण सारखं. धांदरट माणसाचं काम असं नसतं, हे मी हवालदारांना बोलून दाखवलं. ते उठले. पुढच्या खोलीत निघून गेले आणि कोणाचा तरी ट्रान्झिस्टर उघडून बसले. मला वाटलं, म्हाताऱ्यालाही आठवण येत असेल.

शेवटी पहिल्यांदा वीज द्यायचा दिवस आला. आषाढातला मंगळवार, दुपारचे तीन. व्हॉल्व्ह अजून बसवायचे नव्हते. आधी नुसता पुरवठा तपासायचा, म्हणजे कंडेन्सरपर्यंत सहाशे व्होल्ट येतात का ते बघायचं. दादा नेमका इथवरच आला होता. व्हॉल्व्ह बसलेले नसले की साठा जायला वाटच नसते, तो तासन्‌तास तसाच राहतो. तो हळूहळू गळून जावा म्हणून कंडेन्सरला एक रेझिस्टन्स जोडायचा असतो, पण तोही मुंबईहून यायचा होता. दादाच्या वेळीही आला नव्हता. दुकानातला जुना मीटर भरवशाचा नव्हता, सगळी भिस्त दिव्यावर होती.

हवालदार सकाळपासून नीट जागेवर बसले नव्हते. तीनदा मागच्या खोलीत आले, खुंटीपाशी उभे राहिले, परत गेले. मी आले तेव्हाही ते तिथंच होते.

"दिवा देता?" मी म्हणाले.

त्यांनी दिला नाही. बाजूला झाले. मी हात वर करून खुंटीवरचा दिवा काढला. बल्बवर धूळ होती ती पदरानं पुसली. आणि मग, कसलाही विचार न करता, मंडईत तराजू उचलावा तसा मी तो भिंतीवरच्या बोर्डाकडे नेला. त्या लाकडी बोर्डावर दोन पितळी खुंट्या होत्या आणि खाली बटण. सेट तपासायला तिथून वीज घ्यायचे. बटण बंद आहे ना ते पाहिलं, एका खुंटीला चिमटा लावला, दुसरीच्या भोकात पिन घातली आणि बटण दाबलं.

दिवा पेटला नाही.

बटण बंद करून पुन्हा दाबलं. पेटला नाही. वर पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. बटण बंद करून मी बल्ब होल्डरातून काढला आणि कानाशी हलवला. आत तुटलेली तार काचेवर बारीक किणकिणली.

"काका, हा गेलेला आहे," मी म्हणाले.

मी वळून पाहिलं. हवालदारांनी सदऱ्याच्या खिशातून एक नवा बल्ब काढून हातात धरला होता. पुठ्ठ्याच्या वेष्टनातला, न वापरलेला.

"हा कधी आणला?"

"आज सकाळी."

"कशाला?"

"आज तू दिवा लावणार होतीस."

मला एवढ्यानं कळायला हवं होतं, पण डोकं चालेना. मी म्हटलं, हा गेलाय हे तर मला आत्ता कळलं, तुम्हाला सकाळी कसं कळलं. हवालदार स्टुलावर बसले. तो बल्ब दोन्ही हातांत धरून बसले.

"कळलं नव्हतं. भीती होती," ते म्हणाले. "दीड वर्ष मी त्या दिव्याला हात लावला नाही. आज तीनदा बदलायला गेलो. धरवला नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. एका दमात नाही, थांबत थांबत. तो दिवा त्यांनी तीनशे व्होल्टच्या रेडिओंसाठी केला होता आणि पंधरा वर्षं वापरला होता. दादाचा अँप्लिफायर सहाशेचा, पण दिवा तोच राहिला. त्या दिवशी दहा वाजता दादानं एकदा वीज देऊन पाहिली, बंद केली, दिवा लावला. हवालदार समोर होते. दिवा कधी पेटला नव्हता इतका पांढरा पेटला आणि विझला. दोघं त्यावर हसलेही, केवढा साठा धरतोय म्हणून. त्या झटक्यात आतली तार तुटली असणार. विझलेल्या दिव्यात आणि तुटलेल्या दिव्यात बाहेरून फरक दिसत नाही. मग हवालदार चहाला गेले. दादानं पुन्हा वीज दिली, पुन्हा बंद केली, प्लग काढून समोर ठेवला आणि दिवा लावला. दिवा काळाच राहिला. काळा म्हणजे साठा नाही. भिंतीवरच्या नियमांतून तो तेवढंच शिकला होता.

"लावला होता?" मी विचारलं. "दादानं दिवा लावला होता?"

"चिमटा पेटीला होता. पिन त्याच्या हातापाशी पडली होती. त्याला उचलायचं म्हणून मीच चिमटा सोडवला आणि दिवा खुंटीला अडकवला. रोजची सवय. मग लोक आले. कुणीतरी विचारलं, पोरानं दिवा लावला नव्हता का. मी म्हटलं, नसंल लावला."

"नसंल," मी म्हणाले.

"एवढाच शब्द बोललो मी, कमल. पुढचं सगळं लोकांनी केलं."

"आणि तुम्ही करू दिलं."

"हो."

माझ्या हातातला तो गेलेला बल्ब मला भिंतीवर आपटावासा वाटला, हवालदारांनाही आपटावंसं वाटलं. आयुष्यात इतका राग मला पुन्हा कधी आला नाही. पण तो बल्ब फुटला असता तर माझ्याकडे काही उरलं नसतं. मी तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला.

"उद्या सकाळी मंडईत या," मी म्हणाले. "हे आईला सांगा."

"संध्याकाळी घरी येतो."

"घरी नाही. ती रोज जिथं बसून ऐकते, तिथं सांगा."

हवालदारांनी भिंतीवरच्या नियमांकडे पाहिलं. ह्या माणसाचं गावात जे काही होतं, ते त्या भिंतीवर होतं. शिस्तीचा माणूस, फौजेतला माणूस. उद्या मंडईत तोंड उघडलं की त्यातलं काय राहील हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मला दया आली नाही असं नाही. पण मी एक अक्षर मागे घेतलं नाही.

"येतो," ते म्हणाले.

ते येतील याची मला खात्री नव्हती. आईला मी काहीच सांगितलं नाही. रात्रभर तो बल्ब उशाशी ठेवून झोपले.

आठ वाजता आले. इस्त्री केलेला खाकी सदरा, डोक्यावर टोपी. आई एका मास्तरणीबाईंना वांगी तोलून द्यायच्या बेतात होती. हवालदार तिच्या समोर उभे राहिले आणि टोपी काढून हातात घेतली.

"वैनी," ते म्हणाले, आणि आवाज मुद्दाम मोठा काढल्यासारखा वाटला, "सुदामनं त्या दिवशी दिवा लावला होता. दिवा गेलेला होता. दिवा माझा होता. पोर चुकलं नव्हतं."

शेजारच्या बायकांच्या माना वळल्या. आईनं हातातलं वांगं खाली ठेवलं.

"लावला हुता?"

"लावला होता. चिमटा मीच माझ्या हातानं सोडवला."

"आन मंग तुमी न्हाई म्हनलात."

"म्हणालो."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी पदराची गाठ सोडून बल्ब तिच्या हातात दिला आणि कानाशी हलवायला सांगितलं. तिनं हलवला. थोडा वेळ कानाशीच धरून ठेवला. मग तिनं हवालदारांना विचारलं, "ह्यो जिता हाय का म्येलाय, ते तुमी कवा बगितलं हुतं?"

"कधीच नाही, वैनी. माझ्या ध्यानातच आलं नाही."

आईनं तराजू उचलला. दोन्ही पारडी रिकामी होती. ती त्यांच्या समोर धरून ती म्हणाली, "बावीस वर्सं बसती मी हितं. पाव किलू मिरची द्याची म्हनली तरी आदी हे रिकामं दावती."

शिव्या नाहीत, शाप नाहीत. हवालदार मान खाली घालून उभे होते. आईनं तसाच रिकामा तराजू मास्तरणीबाईंकडे वळवला, बाईंनी मान हलवली आणि आईनं वांगी तोलली. पिशवीत ओतली. पुन्हा रिकामा दाखवला. तिचा हात जराही हलत नव्हता. डोळ्यांतून मात्र पाणी चाललं होतं आणि ते पुसायची तिनं तसदी घेतली नाही.

हवालदार निघाले तेव्हा तिनं त्यांना हाक मारली.

"त्येचं काम पुरं करून घ्या हिच्याकडनं. पर वीज सोडाल तवा मला बलवा."

पुढचे काही दिवस गावात दुसरं बोलणं नव्हतं. दोघा-तिघांनी हवालदारांकडं जाणं सोडलं. एका माणसानं दुकानासमोर उभं राहून त्यांना नको ते ऐकवलं आणि त्यांनी ऐकून घेतलं. धांदरट हा शब्द मात्र मंडईत पुन्हा माझ्या कानावर आला नाही. आला असता तर बोलणाऱ्याची खैर नव्हती.

मुंबईहून गळतीचा रेझिस्टन्स येईपर्यंत आम्ही पेटीला वीज दिली नाही. आला तसा मी तो सगळ्यात आधी जोडला, आणि तो डाग हवालदारांनी उपटला नाही. एका बल्बच्या जागी एकापाठोपाठ एक असे दोन जोडले, म्हणजे सहाशे व्होल्ट दोघांत वाटले जातील. मग हवालदार स्टुलावर चढले आणि पाचव्या नियमाखाली आपल्या हातानं सहावा लिहिला. दिवा आधी तपासा, मग लावा, मग पुन्हा तपासा. लिहिताना रंगाचा एक ओघळ खाली आला, तो त्यांनी पुसला नाही.

आता माझी पासष्टी उलटली. पुण्याहून लोक हौसेनं येतात, व्हॉल्व्हच्या आवाजात जिव्हाळा असतो म्हणतात आणि अँप्लिफायर बनवायला शिकवा म्हणतात. आता चांगले मीटर मिळतात. तरी मी त्यांना आधी तो सहावा नियम पाठ करायला लावते आणि का ते विचारलं की किणकिणणारा बल्ब हातात देते. पण मला सांगायचंय ते आम्ही पेटीला वीज दिली त्या दिवशीचं.

मंडई आटोपून आई दुपारी दुकानात आली. पाटी दारात ठेवली, तराजू मात्र हातातच राहिला होता. दादा गेल्यापासून तिनं त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. हवालदारांनी स्टूल पुसून पुढं केलं. ती बसली. टेबलाखालच्या जमिनीकडे एकदा बघून घेतलं आणि मग माझ्याकडे.

मी फळीवर उभी राहिले. डावा हात कमरेच्या पदरात अडकवला. प्लग घातला, बटण दाबलं. ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागला. मीटरचा काटा चढत चढत सहाशेवर आला आणि थांबला. हवालदारांनी मान हलवली. मी बटण बंद केलं, प्लग काढून टेबलावर डोळ्यांसमोर ठेवला आणि घड्याळ लावून पाच मिनिटं थांबले. काटा हळूहळू उतरत शून्यावर आला. आता पेटीत हात घालून पहिली तार जोडायची होती. दादाचा हात गेला होता त्याच जागी.

मी दिवा उचलून पेटीकडे वळले. घाईनंच वळले. शेवटी मीच ती.

"कमे," मागून आईचा आवाज आला. "आदी दाव."

मी थांबले. बोर्डाकडे गेले, चिमटा लावला, पिन घातली, बटण दाबलं. दोन्ही दिवे मंद पेटले. आईनं नीट पाहिलं आणि मान हलवली.

मग मी चिमटा पेटीला लावला आणि पिन कंडेन्सरवर टेकवली. दिवे काळे राहिले. दादाचा दिवाही असाच काळा राहिला होता.

"आता परत दाव," आई म्हणाली.

मी पुन्हा बोर्डाकडे गेले. दोन्ही दिवे पुन्हा पेटले. आई ते बघत राहिली, मग तिनं हातातला तराजू खाली मांडीवर ठेवला.

"आता घाल हात," ती म्हणाली.

मी घातला.